आत बर्फ, वर घोंगडं

साहेब, मी बोलतेय, पुलावर पाणी मारणारी. लिहितेय माझी सून. मला अक्षर येत नाही आणि तिला माझी बोली जमत नाही, त्यामुळं मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते. मी म्हटलं, लिही बाई तुझ्या शाळेतलं, पण माणसं जिथं बोलतील तिथं हात लावायचा नाही, ती बोलली तशीच राहिली पाहिजेत. साहेबांना आमचं बोलणं कळायचं. नाही कळलं तर दुसऱ्यांदा विचारायचे. दुसऱ्यांदा विचारणारा साहेब मी त्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही फारसे बघितले नाहीत.

आज आठवण निघाली त्याला कारण झालं. काल लेकानं घराचा स्लॅब टाकला. गवंडी खुटबावकडचा, मिसरूड नुकतं फुटलेलं. आज येऊन मला म्हणतो, ‘‘आजी, आजपासनं पाणी मारायचं बरं का, न्हाईतर तडं जात्याल.’’ मला सांगतोय! मी पदर खोचला आणि विचारलं, ‘‘का जात्यात रं तडं?’’ तर म्हणाला, ‘‘जात्यात म्हंजी जात्यात.’’ सून भिंतीकडं तोंड करून हसायला लागली, तिला ठाऊक होतं आता काय होणार ते. तुम्ही मला जेवढं सांगितलं होतं तेवढं सगळं मी त्याला उभ्या उभ्या ऐकवलं. बिचारा चहा अर्धा टाकून गेला. तो गेल्यावर मी स्लॅबवर हात ठेवून बघितला. थोडा कोमट होता. पण स्लॅब पातळ, त्याचा ताप दोन्ही अंगांनी निघून जातो, त्याला काय होतंय. आपल्या ठोकळ्याची गोष्ट वेगळी होती. मग मी सुनेला म्हटलं, कागद घे.

ते साल माझ्या पोरीच्या पायाचं. तुम्हाला थोडंफार ठाऊक होतं, सगळं नाही. घाटातून मेंढरं घेऊन माघारी येताना सामान लादलेली घोडी घसरली आणि वर बसलेली पोर दगडावर आली. मांडीचं हाड मोडलं. वाटेत एका वैदूनं बांबूच्या कांब्या बांधल्या, हाड वाकडंच जुळलं. दिवाळीच्या तोंडावर शिरूरच्या डॉक्टरानं ते पुन्हा मोडून सरळ बसवलं आणि कमरेपासून टाचेपर्यंत पांढरं प्लास्टर घातलं. ओलं प्लास्टर घातल्यावर पोर ओरडली, ‘‘आये, भाजतंय!’’ डॉक्टर म्हणाला, घट्ट होताना ते गरम होतंच, आपोआप निवेल. मी ते ऐकलं आणि विसरले. विसरले नसते तर पुढचं झालं नसतं. डॉक्टरानं जाताना बजावलं, हिवाळाभर हिला हलवू नका, परत घोड्यावर घातलीत तर पोरगी जन्माची लंगडी होईल.

आता आमची जात मेंढरांची. भाऊबीज झाली की कळप घाटाकडं निघतो, पार पावसाळ्याच्या तोंडाला माघारी येतो, आणि कळपाबरोबर चूल जाते. ज्यांची मेंढरं उरली नाहीत तेवढीच घरं वस्तीवर मागं राहतात. माझे सासरे वाईट नव्हते, पण हिशेबाला पक्के. म्हणाले, ‘‘पुलावर तुला काम हाय तवर दोघी मायलेकी ऱ्हावा हितं. काम सुटलं की पोरीला घोडीवर घालून मागनं यायचं. दोन चुली आपल्याला झेपायच्या न्हाईत.’’ आणि घोडी दारात बांधून गेले. म्हणजे बघा, रोज सकाळी दार उघडलं की ती घोडी माझ्याकडं बघायची, वैरण चघळत, जशी काही विचारतेय, निघायचं का. माझं पुलावरचं काम म्हणजे माझ्या पोरीचा पाय होता, साहेब. हे मी तेव्हा तुम्हाला असं सांगितलं नव्हतं. आमच्यात साहेबासमोर रडगाणं गात नाहीत, थट्टा करतात.

नदीच्या पात्रात भोकं पाडून खाली खांब पुरले होते, आणि त्या खांबांच्या डोक्यावर एकेक मोठा ठोकळा ओतायचा होता. त्या ठोकळ्यावर पुलाचा पाय उभा राहणार. ठोकळा म्हणजे केवढा, तर माझं अख्खं खोपट त्यात दारात बांधलेल्या घोडीसकट बसलं असतं आणि वर जागा उरली असती. तुम्ही आम्हा वस्तीवरच्या बायकांना सांगितलं होतं, ह्याला पाणी कमी पडू द्यायचं नाही, वाळता कामा नये. आम्हाला वाटलं, एवढंच ना. जन्मभर दुसरं काय केलं, पाणीच तर वाहिलं.

पहिला ठोकळा ओतला. थोड्या दिवसांनी साच्याच्या बाजूच्या लोखंडी प्लेटा काढल्या. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही गेलो तर थंडी अशी की नदीवर धुकं उभं. माझ्या चुलत जावेनं ठोकळ्याला हात लावला आणि झटक्यात काढून घेतला. ‘‘अगं बया! ऊन हाय ह्यो!’’ मग सगळ्यांनी हात लावले. खरंच, गाईच्या पोटासारखा ऊन. पोरीबाळी पाठ लावून शेकत उभ्या राहिल्या. वरून वाफ निघत होती. जाऊ म्हणाली, ‘‘अंगात आलंय ह्याच्या.’’ आम्ही हसलो, पण हसू पुरतं आलं नाही. आमच्यात कुणाच्या अंगात देव आला की पहिलं काम म्हणजे पायावर पाणी ओतायचं, मग हळद-कुंकू, मग विचारायचं, देवा काय पाहिजे. लाईट नव्हती म्हणून पंप बंद. मग आम्ही हंडे घेतले, नदीचं बर्फासारखं पाणी हातोहात वर चढवलं आणि ओतलं की ओतलं. भसाभसा वाफ उठायची आणि आम्हाला वाटायचं, शांत होतोय. एकीनं कुंकूसुद्धा लावलं. आमच्या हिशेबानं आम्ही त्याची सेवा केली.

दुपारपर्यंत त्याच्या अंगावर केसासारख्या रेघा उमटल्या. प्लेटा लावणारा बिहारकडचा मिस्त्री कपाळाला हात लावून ओरडला, ‘‘अरे, दीदी लोग ने तो नहला दिया!’’

तुम्ही आलात. बसलात गुडघ्यावर, त्या भिंगातून बघितलंत, रेघेवर बारीक खुणांची पट्टी धरलीत. कंत्राटदाराचा माणूस मागं उभा होता, तो बघायच्या आधीच बोलायला लागला, ‘‘साहेब, ह्या सगळ्या बायका उद्यापासून बंद. गावंढळ नुसत्या.’’ माझ्या डोळ्यांपुढं घोडी आली. तुम्ही त्याच्याकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलंत, कारण सगळ्यांत जास्त तोंड माझं चालायचं.

‘‘बाई, हे गार पाणी ओतायला कुणी सांगितलं?’’

‘‘तुमीच. पाणी कमी पडू द्यायचं न्हाई म्हणलात.’’

‘‘असं पहाटेचं? नदीतलं?’’

‘‘नदीत दोन परकारचं पाणी कुठं असतंय, साहेब?’’

सगळ्या बायकांनी माना खाली घातल्या. जावेनं मला मागून चिमटा काढला, तो अजून आठवतो. तुम्ही चष्मा काढून पुसलात, बराच वेळ पुसलात. मग म्हणालात, ‘‘अजून काही?’’ मी म्हटलं, ‘‘अंगात आलतं.’’ ‘‘कुणाच्या?’’ मी ठोकळ्याकडं बोट केलं. तुमच्या मिशीत काहीतरी हललं, पण तुम्ही ते दाबलंत. कंत्राटदाराच्या माणसाला म्हणालात, ‘‘ह्यांनी विचारलं नाही आणि मी नीट सांगितलं नाही. चूक माझी. चिरा वरवरच्या आहेत, भरून घेऊ. पुढचा ठोकळा ह्याच बायका सांभाळतील. त्याला तडा गेला तर तुम्ही म्हणाल तसं.’’ आणि माझ्याकडं वळून, अगदी हळू, ‘‘बाई, हसायला तोंड आहे, मग विचारायला का नाही?’’

आईबापानं मारलं, नवरा टाकून बोलला, सासऱ्यानं घोडी बांधली, त्यातलं काही एवढं लागलं नव्हतं. आणि लागलं तरी गोड लागलं. बाईमाणसानं विचारायचं असतं, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी जी विचारतेय ती अजून थांबले नाही. सुनेला विचारा. नको, तिला विचारू नका, ती लगेच लिहून टाकेल.

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या सुटीत तुम्ही आम्हाला बाभळीखाली बसवलंत. सांगितलंत की सिमेंटला पाणी लागलं की ते आपोआप तापतं, विस्तव नको, काही नको. पातळ काम असलं तर ताप निघून जातो. ठोकळा एवढा जाडा की आतला ताप बाहेर यायला कित्येक दिवस जातात. आतलं अंग तापून फुगलेलं, बाहेरचं अंग थंडीनं आक्रसलेलं, मग बाहेरची कातडी ताणली जाते आणि फाटते. त्यावर आम्ही ओतलं गार पाणी, म्हणजे कातडी आणखी आक्रसली. मला एकदम पोरीचं प्लास्टर आठवलं. मी म्हटलं, ‘‘म्हंजी ताप आला हे वंगाळ न्हाई. एकदम उतरवला हे वंगाळ.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘बरोबर. आत आणि बाहेर फार फरक पडू द्यायचा नाही.’’ माझी जाऊ म्हणाली, ‘‘सासूचं असंच असतंय. तापली की लगी तोंडावर गार बोलायचं न्हाई, कडंनं निवू द्यायचं.’’ तेव्हा मात्र तुम्ही हसलात, मान मागं टाकून. आता ही लिहिणारी पण हसतेय. हसू दे, तिनं हे कधीच शिकून घेतलंय.

मग दुसऱ्या ठोकळ्याची तयारी. मला वाटायचं इंजिनेर म्हणजे हुकूम सोडणारा, पण तुम्ही तर बाळंतिणीची करावी तशी तयारी मांडलीत. खडीवर ताडपत्रीची सावली केलीत, म्हणालात खडी तापली तर सगळंच तापेल. सिमेंट कमी करून त्यात वीज कारखान्याची राख घालायला लावलीत. मी ती राखेची पोती बघितली आणि तुमच्याकडं पळत आले, कानाशी म्हटलं, ‘‘साहेब, कंत्राटदार राख मिसळतोय बघा, तुमास्नी फसवतोय!’’ तुम्ही तितक्याच हळू म्हणालात, ‘‘मीच सांगितलंय, बाई. राख हळू तापते. पण लक्ष ठेवता ते बरं.’’ आणि दौंडहून टेम्पो भरून बर्फाच्या लाद्या आल्या, भुशात नि गोणपाटात गुंडाळलेल्या. पाण्याच्या जागी बर्फाचा चुरा घालायचा. आम्ही लाकडी मोगऱ्यांनी लाद्या फोडायला बसलो, एक तुकडा मिक्सरला, एक तोंडाला. तुम्ही जाता जाता म्हणालात, ‘‘जेवढा खाल तेवढा ठोकळा तापेल.’’ सगळ्यांची तोंडं एकदम बंद. बर्फ आत विरघळला, पण थुंकली कुणी नाही.

ठोकळा थरावर थर देत ओतला आणि रेडिओवर थंडीची लाट सांगितली. पुण्याहून जाड कांबळ्यासारखं काहीतरी यायचं होतं, वरून पांघरायला, ते आलं नाही. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, गोणपाट आहे की. तुम्ही म्हणालात, गोणपाट पुरणार नाही. मग मला विचारलंत, ‘‘बाई, तुमच्या वस्तीवर घोंगडी किती असतील?’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, आत बर्फ घातला आन् वर घोंगडं घालताय, तुमची परकृती बरी हाय नव्हं?’’

थट्टा सोपी होती, पण घोंगडं मागणं सोपं नव्हतं. आमच्यात घोंगडं म्हणजे देवाचं आसन, कुणालाही पायाखाली द्यायचं नाही. तुम्ही स्वतः वस्तीवर आलात. बूट बाहेर काढलेत आणि खाली मातीवर बसलात. माझी चुलतसासू, सगळ्यांत म्हातारी, ती काठी आपटून म्हणाली, ‘‘द्येवाचं घोंगडं शिमिटावर घालायचं? व्हय रं, तुला कळतंय का काय बोलतूस ते?’’ साहेबाला अरेतुरे ऐकून माझा जीव वर. तुम्ही विचारलंत, ‘‘आजी, थंडीत कोकरू जन्मलं तर काय करता?’’ ‘‘गुंडाळतू घोंगड्यात.’’ ‘‘शेकोटीशी नेता का?’’ ‘‘एकदम न्हाई. मरंल की.’’ ‘‘आणि ऊब आली म्हणून लगेच उघडं टाकता?’’ ‘‘खुळा का काय तू?’’ म्हातारी म्हणाली. मग तिची नजर तुमच्या पायांवर गेली. एका मोज्याला हे एवढं भोक, त्यातून अंगठा बाहेर. माझं अजून म्हणणं आहे की म्हातारी तुमच्या बोलण्यानं नाही, त्या अंगठ्यानं पाघळली. म्हणाली, ‘‘घेऊन जावा घोंगडी. आन् येक तुमच्या पायावर घ्या.’’

मग काय, ठोकळा असा झोपला जसा वस्तीचा जावई. खाली प्लास्टिक, त्यावर गोणपाट, त्यावर काळी-पांढरी घोंगडी, कडेला दगड ठेवलेले. त्यातून वायरी बाहेर आलेल्या, त्या तुम्ही डबीला लावून आतला आणि बाहेरचा ताप बघायचात. मी रोज विचारायची, ‘‘आतनं कसा हाय?’’ तुम्ही म्हणायचात, ‘‘उतरतोय. सावकाश उतरतोय.’’ आम्ही पाळीपाळीनं बसलो. कुत्रं आलं, हाकललं. मांडवगणाहून माणसं बघायला आली, हसली, हसू दिलं. पांघरुणं काढायची तीही तुम्ही एकदम काढू दिली नाहीत. ऊन तापल्यावर एक थर, मग मध्ये दिवस जाऊ द्यायचे, मग दुसरा.

शेवटचा थर काढायच्या दिवशी माझा नवरा आला. बायकांना काढणार अशी कुणकुण पार घाटापर्यंत गेली होती. घोडी सोडून घेऊनच तो काठावर उभा राहिला. तुम्हाला वाटलं असेल कुणी बघ्या. घरी माझं बोचकं बांधलेलं होतं आणि पोर उशीत तोंड घालून पडली होती. प्लास्टिक काढलं. तुम्ही मला उन्हात ठेवलेल्या पिंपातलं कोमट पाणी शिंपायला सांगितलंत आणि शिकवलंत, सगळं अंग वाळतं पण चिरेत ओल राहते, तिथं काळी रेघ दिसते. मग आपण दोघं वाट बघत राहिलो. कंत्राटदाराचा माणूस पण. मी ठोकळ्याला फेरी घातली, तळहात फिरवत, वाळत चाललेल्या प्रत्येक डागाकडं बघत. साहेब, तुम्ही माझ्यामागं चालत होतात आणि तुम्हीही श्वास धरला होता, मला ऐकू येत नव्हता. सगळं वाळून पांढरं पडलं. रेघ नव्हती. तुम्ही फक्त ‘‘हं’’ म्हणालात.

काठावरून नवऱ्यानं विचारलं, ‘‘मग?’’

‘‘मग काय? घोडी न्या. मामंजींना सांगा, काम हाय.’’

त्यानं घोडी वळवली. मग म्हणाला, ‘‘माझं घोंगडं तेवढं दे. वर लई गारठा हाय.’’

मी घरी गेले तर पोरीनं मान वर केली. तिला काही विचारायची हिंमत होईना. मी तिच्याशेजारी बसले आणि बोचक्याची गाठ सोडायला लागले. अशी घट्ट बसली होती की दातांनी सोडवावी लागली. ते बघून पोर हसायला लागली. हसताना प्लास्टर हलू नये म्हणून पोट धरून हसत होती.

उन्हाळ्यात प्लास्टर काढलं. पाय सरळ. तुम्ही जायच्या वेळेला मला तुमचा थर्मास दिलात, आतून काचेचा, म्हणालात पोरीला दूध ऊन राहील. मी म्हटलं, ‘‘ह्यात पण आत-बाहेर फरक पडू द्यायचा न्हाई ना?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘ह्यात पडू द्यायचा. तेच तर त्याचं काम.’’ विचारायला लावायचात आणि मग उत्तर उलटं करायचात. थर्मास पुष्कळ वर्षं टिकला. कुणी फोडला ते मी सांगत नाही, लिहिणारीचा हात थांबेल.

पुलावरून गाड्या सुरू झाल्यावर काही वर्षांनी तुमचा ड्रायव्हर इकडून चालला होता, वस्तीवर पाणी प्यायला थांबला. त्यानं सांगितलं, दुसऱ्या कामावर असताना तुमच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंत पोचलाच नाहीत. मी त्याला ताक दिलं. तो गेल्यावर मी गुरांना पाणी पाजलं, भाकरी थापल्या, सगळं केलं. फक्त भाकरी सगळ्या जाड झाल्या, आतून कच्च्या राहिल्या, आणि घरात सगळ्यांनी तशाच खाल्ल्या.

पोर नदीपलीकडं दौंडच्या अंगाला दिलीय. सणाला पुलावरूनच येते, आणि रिक्षातून उतरल्यावर दारापर्यंत चालत येते ती मी मुद्दाम बघत बसते. तिची पोरं विचारतात, आजी, हा पूल कुणी बांधला? मी सांगते, मी. ते तसं खोटं नाही आणि पुरतं खरंही नाही. सून आत्ता विचारतेय, ह्या कागदांचं काय करू, पाकिटात घालू का. मी म्हटलं, राहू दे, घडी घालून ठेव कुठंतरी. तुमचं नाव त्या पोरांसमोर मी काढत नाही, साहेब. काढलं तर ती विचारणार, मग ते साहेब कुठं असतात आता? विचारायला तर मीच शिकवलंय त्यांना. आणि त्याचं उत्तर मला अजून तोंडानं देता येत नाही.